मथुराबाईनं सरकवलेला दाणा

देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक नव्हता.

मथुराबाई फुलं वाहायला वाकली अन् वाकलेलीच राहिली. अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला देव. नवऱ्याच्या, उत्तमरावाच्या घराण्यात किती पिढ्या त्याला हळद लागत आली होती कोण जाणे. आज त्या जागी नुसता हळदीचा डाग. चोर आला असता तर शेजारची समई त्यानं सोडली असती थोडीच! टाक कोणी नेला ते तिला एका दमात कळलं.

सोजर. तिची नऊ वर्षांची लेक.

आता पोरीला नावं ठेवायच्या आधी मायनं काय करून ठेवलं होतं ते ऐका, मग कोणाला काय म्हणायचं ते म्हणा.

साल छप्पन्न. गाव जैनथच्या अंगाला, पैनगंगेच्या काठावर. हैदराबाद राज्य मोडणार, आपला आदिलाबाद जिल्हा आंध्रात जाणार अन् नदीपलीकडचे मुंबई राज्यात, ही बोलवा दसऱ्यापासून गावात फिरत होती. मोठ्यांनी पारावर दोन दिवस तोंडं वाजवली अन् कापूस वेचायला गेले. पण सोजरच्या जिवाला घोर लागला. तिचे केशवराव गुरुजी नांदेडकडचे, मुंबईच्या वाट्याला जाणाऱ्या भागातले. ते गेले की गावची मराठी शाळा बंद, अन् आदिलाबादहून तेलुगू शिकवणारे पंतुलु येणार. गुरुजींनी या पोरीला असं वाचायला शिकवलं होतं की देवळात पोथी लागली की बायाबापड्या म्हणत, "सोजरलेच बसवा." ते सगळं हातचं जाणार होतं.

"माय, देवाले विचार ना, गुरुजी राह्यतीन का," तिनं हट्टच धरला.

विचारायची रीत घरची होती. टाकापुढच्या ज्वारीतून चिमूट उचलायची अन् दाणे जोडीजोडीनं मोजायचे. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर देवाचा होकार. एक दाणा एकटा उरला तर नकार. चिमूट सोजरनं उचलली. मथुराबाई मोजत गेली. सहा जोड्या, सात जोड्या, अन् शेवटी दाणा एकटाच उरला. पोरगी श्वास रोखून बसली होती, डोळे मिटून. ते तोंड मथुराबाईला पाहवेना. तिनं पदराला चिकटलेला एक दाणा नखानं हळूच पुढं सरकवला.

"उघड डोळे. जोडी हाय बाई."

"म्हंजे देव हो म्हनला?"

"देव खोटं बोलते काय कधी?"

बोलून गेली बिचारी. बाईचा कावा तो केवढा, एका दाण्याचा! पण पोरगी त्या दिवसापासून नाचत शाळेत जायला लागली. ज्या पोरी रडत होत्या त्यांनाही सांगत सुटली, "रडू नोका, आमच्या देवानं सांगतलं हाय."

अन् काल गुरुजींच्या नावचा बदलीचा हुकूम आला. सोजर रडली असती तर बरं होतं. ती रडली नाही, जेवली नाही. एवढंच म्हणाली, "तुह्या देवानं मले पोरीइत खोटं पाडलं." मथुराबाईनं ऐकलं अन् चुलीत काड्या घालत बसली. तेव्हाच बोलायचं होतं. नाही बोलली.

आज सकाळी गुरुजी डोंग्यातून नदी ओलांडून पलीकडे जाणार होते.

मथुराबाई फुलं तिथंच टाकून नदीकडे धावली. वाटेत शेजारच्या डोमाजीनं विचारलं, "काऊन पळून राह्यली व वयनी?" तिनं मागे पाहिलंसुद्धा नाही. मालक आदिलाबादेत कापूस घेऊन गेलेला. टाक गेल्याचं कळल्यावर तो घर डोक्यावर घेईल, भाऊबंद तोंडात शेण घालतील, ते सगळं तिला दिसत होतं. पण खरी भीती ती नव्हती. देव चांदीचा होता, पुन्हा घडवता आला असता. पोरीच्या मनातला एकदा बुडाला तर कोणता सोनार घडवून देणार होता?

काठावर माणसं पांगली होती. डोंगा मधल्या धारेत पोचला होता अन् गुरुजींची छत्री तेवढी दिसत होती. सोजर माणसांत नव्हतीच. ती वरच्या अंगाला होती, डोहावरच्या काळ्या खडकाच्या टोकाला. हात पाण्यावर धरलेला, मूठ आवळलेली.

"सोजर!"

"जवळ येऊ नोको, माय. आली तं मी सोडतो."

मथुराबाई जागच्या जागी थांबली. खडकावर शेवाळ होतं, पोरीचे पाय अनवाणी. डोह इतका खोल की उन्हाळ्यातही तिथं कोणी म्हैस घालत नसे.

"बाळा, देवाच्या मनात काई चांगलंच असन," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

"चांगलं असन तं तसं सांगाचं होतं. हो काऊन म्हनला?"

"मोजताना चुकलं असन."

"तू चुकली?"

हो म्हटलं की मथुराबाई सुटली असती! मोजण्यातली चूक, कोणाची होत नाही? पोरगी खाली उतरली असती, टाक देव्हाऱ्यात बसला असता, मायची लाज राहिली असती. शब्द जिभेच्या टोकाशी आला होता. तेवढ्यात सोजरच्या पायाखालचा खडा सुटला अन् डुबकन पाण्यात गेला. पोरगी डगमगली, सावरली, पण मूठ मागे घेईना.

"नाही," मथुराबाई म्हणाली. "चुकली नाही. एकटा दाना उरला होता, सोजर. मी पदरातला दाना सरकवला. देव हो म्हनलाच नव्हता. थो नाही म्हनला होता."

पोरगी वळली. नुसती पाहत राहिली. मथुराबाईला वाटलं, यापेक्षा चार माणसांत कोणी थोबाडीत दिली असती तर सोसलं असतं.

"तू म्हनली, देव खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलला. म्या बोलली, त्याच्या तोंडानं. तुह्यं तोंड पाहवलं नाही मले. त्यानं खरं सांगतलं अन् मी ते तुह्यापरेंत पोचूच देल्लं नाही. काल तू त्यालेच खोटं ठरवलं, अन् मी चुपचाप ऐकून राह्यली."

"पन नाही काऊन म्हनला थो? मंग कायचा देव?"

हा सवाल मथुराबाईच्या ताकदीबाहेरचा होता. तिनं पोथी वाचली नव्हती. वाचणारी समोर उभी होती. ती मटकन खाली बसली, ओल्या वाळूतच.

"ते मले नाही समजत, बाई. समजलं असतं तं दाना सरकवला असता काय? पन जत्रेत तुह्या बानं तुले पाटल्या घेऊन द्याले नाही म्हनलं होतं. तू रस्ताभर रडली. थो गाडी सोडून गेला होता काय? तुह्या बाजूलेच बसला होता ना? तू बोलत नव्हती, तरी बसला होता."

सोजरनं आपल्या मुठीकडे पाहिलं.

"तसाच हाय थो. कालपासून तुह्यासंगं उपाशी हाय. मी नैवेद्य दाखवला नाही. माह्या हातून दाखवल्या गेला नाही."

डोंगा पलीकडे लागला. गुरुजी उतरले, त्यांनी इकडे तोंड करून छत्री हलवली. काठावरच्या पोरी हात हलवायला लागल्या, एकदोन जणी हुंदके देऊ लागल्या. सोजरचा हात मात्र पाण्यावरच होता. छत्री झाडांआड गेली तोवर मथुराबाई त्या मुठीकडेच पाहत होती, पापणी न हलवता.

मग पोरीची मूठ हळूहळू छातीशी आली. कालपासून अडलेलं सगळं एकदम फुटलं अन् ती खडकावरच बसून ओक्साबोक्शी रडली. मथुराबाई उठली, पण जवळ जायची हिंमत होईना. रडता रडता पोरीनं मूठ उघडली, टाक परकराला पुसला अन् त्याच्याशीच बोलली.

"तू तं खरं सांगतलं होतं. मीच तुले डुबवाले निंगाली होती. आता माह्याजवळून जाऊ नोको, हां? गुरुजी बी गेले."

मथुराबाईनं तोंडात पदर कोंबला.

सोजर खडक उतरून खाली आली. मायनं हात पुढे केला तसा तिनं आपला मागे घेतला.

"तुह्याशी मी बोलत नाही."

"नोको बोलू."

"अन् देव मी नेतो. तुह्या हाती देत नाही."

"ने, माय. तूच ने."

पोरगी टाक छातीशी धरून पुढं निघाली. मथुराबाई चार पावलं अंतर ठेवून मागं चालत राहिली, अन् देवाला हात जोडायचे तर ते लेकीच्या पाठीकडेच जोडावे लागत होते.