उद्या दुपारी चारचं तापमान

मिस्त्रींच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला, संध्याकाळचा चहा झाला की, स्वयंपाकघरातलं टेबल पुसून कोरडं केलं जायचं आणि त्यावर इंजिनचं महिनाभराचं भविष्य लिहिलं जायचं. मिस्त्री खुर्चीत रेलून, डोळे मिटून आकडे सांगायचे आणि मिस्त्रीणबाई ते आपल्या मोत्यासारख्या अक्षरात वहीत उतरवायच्या. "पाच तारीख, सकाळी दहा. एक नंबर तीनशे पन्नास, दोन नंबर तीनशे अठ्ठेचाळीस..."

ही वही म्हणजे खाडीपार जाणाऱ्या प्रवासी बोटीचं लॉगबुक. बोटीच्या इंजिनला सहा सिलिंडर. प्रत्येकाच्या धुराच्या नळीवर एकेक तबकडीवाला थर्मामीटर. दर तासाला जाऊन सहा आकडे बघायचे आणि वहीत मांडायचे, एवढंच काम. सहाही भावंडं सारखीच तापलेली असली तर घर ठीक. सगळीच जास्त तापली तर हवा कमी पडतेय किंवा बोजा जास्त झालाय. एकटंच कुणी तापलं, तर त्या एकट्याच्या पोटात काहीतरी बिघडलंय. हे मिस्त्रींना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. बघायला मात्र ते जात नसत.

बावीस वर्षं ते या एका इंजिनपाशी होते. पहिली दोन वर्षं त्यांनी इमानेइतबारे दर तासाला आकडे लिहिले, आणि दर तासाला तेच आकडे निघाले. तिसऱ्या वर्षी त्यांनी आठवड्याचे एकदम लिहून बघितले. कुणीही हूं की चूं केलं नाही. कंपनीला पान भरलेलं हवं होतं, ते भरत होतं. मग अक्षरावरून कुणीतरी बोललं, म्हणून वही घरी आली आणि बाईंच्या हातात गेली. बाईंनी मात्र कामात जीव ओतला. रोज तेच आकडे बरे दिसत नाहीत म्हणून त्या दोन-चार अंश इकडे-तिकडे करायच्या. रविवारी चार नंबरला तीन अंश कमी द्यायच्या, कारण त्यांच्या मते तो सहांमधला सगळ्यात कष्टाळू होता आणि त्यालाही कधीतरी विसावा हवा. ज्या इंजिनची वीस वर्षं त्यांनी अशी सेवा केली, ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

बारा तारखेला सर्व्हेअर मॅडम तपासणीला आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा लावणाऱ्या, आणि फारसं न बोलणाऱ्या. न बोलणारा तपासनीस म्हणजे मिस्त्रींच्या मते दुखऱ्या दाढेसारखा, नक्की कुठे ठणकणार ते कळत नाही. मॅडमनी वही उघडली. एक पान, दोन पानं.

"मिस्त्री, इंजिनरूममधल्या वहीवर तेलाचा एकसुद्धा डाग नाही?"

"स्वच्छतेची सवय आहे, मॅडम."

"चांगली सवय आहे. हा चहाच्या कपाचा गोल उमटलाय तेवढा सोडला तर." त्यांनी आणखी एक पान उलटलं. मग आणखी एक. मग त्या थांबल्या. "आज तारीख काय?"

"बारा."

"वही तीस तारखेपर्यंत भरली आहे."

खाली इंजिन आपल्या तालात धडधडत होतं. मिस्त्रींना तेवढ्यात एखादा नट निखळून पडावा, बोटीत पाणी शिरावं, निदान भोंगा तरी वाजावा असं फार वाटलं. काहीच झालं नाही.

"बावीस वर्षं झाली, मॅडम," ते शेवटी म्हणाले. "त्याचा स्वभाव मला पाठ आहे. ते उद्या काय करणार ते मला आज माहीत असतं."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि परत घेता येईना. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. उद्या दुपारी चार वाजता चार नंबर तीनशे पंचावन्न, असं इथे लिहिलंय. उद्या मी दिवसभर बोटीवर आहे. आकडे जुळले तर मी तुमच्याकडे शिकायला येईन. नाही जुळले, तर तुमचं सर्टिफिकेट माझ्या टेबलावर." वही त्यांनी स्वतःकडेच ठेवली.

सर्टिफिकेट गेलं म्हणजे इंजिन गेलं. मग तिकिटाच्या खिडकीत बसून सुटे मागत बसायचं, आणि समोरून आपल्याच इंजिनचा आवाज दुसऱ्याच्या हाताखाली जाताना ऐकायचा. मिस्त्रींना जेवण गेलं नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अक्षराबद्दल काय म्हणाल्या?"

"अगं, माझी नोकरी चाललीय!"

"ते कळलं. पण आकडे माझे आहेत. उद्या मी येणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री इंजिनरूममध्ये लवकर उतरले आणि सहाही थर्मामीटरच्या काचा चोळून साफ केल्या. कित्येक वर्षांची काजळी होती, दोन चिंध्या वाया गेल्या. दहा वाजता बोट भर वेगात असताना मॅडम वही घेऊन खाली आल्या. त्यांच्या मागे, कानांवर आवाज अडवणारे मोठाले मफ लावून आणि पदर घट्ट खोचून, मिस्त्रीणबाई जिना उतरल्या. खाली पोचल्यावर त्या इंजिनकडे नुसत्या बघत राहिल्या. सासरी गेलेल्या लेकीचं घर पहिल्यांदा बघावं तसं त्यांना झालं.

मॅडम एकेक तबकडी वाचू लागल्या. एक नंबर, तीनशे एक्कावन्न. वहीत तीनशे पन्नास. दोन नंबर, बरोबर. तीन नंबर, दोन अंशांचा फरक. मॅडमच्या भुवया वर गेल्या. मिस्त्रींची छाती फुगायला लागली. बाईंनी त्यांना कोपराने ढोसलं, की बघा.

चार नंबर. चारशे तीस.

"थर्मामीटर बिघडलाय," मिस्त्री लगेच म्हणाले.

मॅडमनी आकडा आपल्या टिपणवहीत लिहून घेतला आणि पाच, सहा वाचले. दोन्ही शहाण्यासारखे तीनशे पन्नासच्या आसपास होते. मग त्या वर निघून गेल्या.

मिस्त्रींनी तबकडीवर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जाड हातमोजा चढवला आणि चार नंबरचा थर्मामीटर त्याच्या खोबणीतून दोन बोटं वर ओढून ठेवला. काटा हळूहळू खाली यायला लागला. चारशे दहा, तीनशे नव्वद. दोन वाजता मॅडम आल्या तेव्हा तो तीनशे साठवर शहाण्या मुलासारखा उभा होता. मॅडमनी आकडा लिहिला, मिस्त्रींकडे एकदा पाहिलं आणि गेल्या.

"जमलं!" मिस्त्री ओरडले. तिथे ओरडल्याशिवाय ऐकूच येत नसे. संसारात आवाज न चढवणारं हे जोडपं त्या दिवशी सकाळपासून एकमेकांवर ओरडत होतं, आणि दोघांनाही ते जरा आवडायला लागलं होतं.

"काय जमलं?" बाई ओरडल्या. "तुम्ही तो वर ओढलात. मी बघितलं."

"बिघडलेलाच आहे तो!"

"थोरलीला सहलीला जायचं होतं, आठवतं? थर्मामीटर जिभेखाली न ठेवता नुसता ओठांत धरायची. ताप नाही म्हणून आपण पाठवली. तिसऱ्या दिवशी टायफॉइड निघाला!"

मिस्त्रींना आठवलं. दवाखान्यातल्या त्या अकरा रात्री त्यांनीच उशाशी बसून काढल्या होत्या. पण माणूस अडला की आठवणीशीसुद्धा भांडतो. "तेव्हा थर्मामीटर चांगला होता! हा खराब आहे!"

"कशावरून? तुम्ही तेव्हाही हेच म्हणायचात. कुणाला ताप आला की थर्मामीटर खोटा. मग मी काय करायचे?"

"काय करायचीस?"

"आधी माझ्या तोंडात घालून बघायचे! मला ताप नसेल आणि त्यानेही नाही म्हटलं, तर थर्मामीटर खरा!"

बावीस वर्षांचा अनुभव, भिंतीवर चौकटीत लावलेलं सर्टिफिकेट, आणि ही साधी गोष्ट सुचली कुणाला, तर पोळ्या लाटता लाटता वही भरणाऱ्या बाईला. त्यांना राग आला, आणि तो स्वतःचाच होता म्हणून जास्तच आला. त्यांनी दोन नंबरचा थर्मामीटर काढला, चारच्या जागी पूर्ण आत खोचला, आणि चारचा दोनच्या जागी बसवला. दोघं शेजारी उभे राहून वाट बघू लागले.

चारचा 'बिघडलेला' थर्मामीटर दोन नंबरवर जाऊन तीनशे अठ्ठेचाळीस दाखवू लागला. दोनचा शहाणा थर्मामीटर चारवर येऊन तीन वाजता चारशे चाळीसला पोचला.

थर्मामीटर दोन्ही खरे होते. ताप चार नंबरलाच होता.

तेवढ्यात वरून कप्तानाचा आवाज बोलायच्या नळीतून आला. "मिस्त्री, धूर काळा यायला लागलाय! खाली काय भाजताय?"

मग मिस्त्रींनी चार नंबरच्या अंगावर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, आणि त्यांना जे ऐकू यायला हवं होतं ते आलं. डिझेल फवारा होऊन आत पडायला हवं, ते गळक्या नळासारखं थेंब थेंब पडत होतं. इंजेक्टर गेला होता. डिझेल उशिरा जळत होतं आणि जाळ धुराच्या नळीत शिरत होता. असंच चालू ठेवलं तर आधी व्हॉल्व्ह जळणार, मग पिस्टन, आणि तेही भर खाडीत, डोक्यावर दीडशे माणसं असताना. किती दिवस चाललं होतं हे? वहीत बघून कळलं असतं, पण वहीत चार नंबर गेली वीस वर्षं ठणठणीत होता.

सव्वातीनला बोट पलीकडच्या धक्क्याला लागली. इंजेक्टर बदलायला तास तरी हवा. म्हणजे चार वाजता इंजिन बंद. थर्मामीटर पुन्हा दोन बोटं वर ओढला, तर चार वाजता तीनशे पंचावन्न आणता आलं असतं. मॅडम शिकायला आल्या असत्या. मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्या बोलल्या असत्या तर बरं असं मिस्त्रींना वाटलं.

त्यांनी इंजिन बंद केलं.

वर कप्तान उखडला, प्रवासी त्याच्याहून उखडले. एका बाईंनी तर बोट चालवता येत नसेल तर तसं आधी सांगायचं, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. खाली मिस्त्री घामाघूम होऊन इंजेक्टर उपसत होते आणि मिस्त्रीणबाई ते मागतील तेव्हा पाना हातात देत होत्या, दर वेळी चुकीचा. बरोबर चारच्या ठोक्याला मॅडम वही घेऊन जिना उतरल्या. मिस्त्रींनी उठून तेलकट हाताने ती त्यांच्याकडून मागून घेतली. तेरा तारखेचं पान काढलं, दहा वाजताच्या चार नंबरवर काट मारून चारशे तीस लिहिलं, दोन वाजताच्या आकड्यावर काट मारून 'थर्मामीटर वर ओढला होता' असं लिहिलं, आणि तीन वाजताच्या रकान्यात चारशे चाळीस. अक्षर म्हणजे कोंबडीने पाय पुसल्यासारखं. पानावर अंगठ्याचा भला मोठा काळा ठसा उठला. मग त्यांनी खिशातून सर्टिफिकेट काढलं. सकाळीच चौकटीतून काढून आणलं होतं.

"चारला काय लिहिलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"तीनशे पंचावन्न."

मॅडमनी टॉर्च मारून तबकडी बघितली. "नव्वद आहे."

"इंजिन बंद आहे, मॅडम."

"कुणी बंद केलं?"

"मी."

मॅडमनी सर्टिफिकेट घेतलं, उलटसुलट बघितलं, आणि मिस्त्रींच्या हातात परत दिलं. "तुम्ही तो वर ओढलात हे मला दोन वाजताच दिसलं होतं. खोबणीच्या वर थर्मामीटरचा नवा चकचकीत पट्टा उघडा पडला होता. मी चारची वाट बघत होते." त्यांनी टॉर्च मिस्त्रीणबाईंच्या हातात दिला आणि स्वतः बाह्या सरसावल्या. "तो पाना द्या. तो नव्हे, त्याच्या शेजारचा. आणि ही वही मी ठेवून घेणार. यापुढे एक जरी आकडा आधी लिहिलेला दिसला, तर मात्र विचारायला येणार नाही. हे सुंदर अक्षर कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या, आणि घाबरायचं की खूश व्हायचं ते न कळून दोन्ही झाल्या.

"तुमचं अक्षर बंद. जो बघेल तोच लिहील."

पाच वाजता परतीच्या वाटेवर चार नंबर तीनशे बावन्नवर होता. धूर इतका कमी झाला की कप्तानाने नळीतून विचारलं, इंजिन चालू आहे ना?

पुढच्या महिन्याची एक तारीख आली. चहा झाला. सवयीने बाईंनी टेबल पुसून कोरडं केलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की लिहायला काहीच नाही. वीस वर्षांत त्या दोघांची घरातली हीच एक निवांत संध्याकाळ असायची. त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांनी ते सांगूनही टाकलं.

मिस्त्रींनी पिशवीतून एक कोरी दुरेघी वही काढून टेबलावर ठेवली. "मॅडमचा निरोप आला आहे. माझे तीन आणि आठ सारखेच दिसतात म्हणे. तीनशे पन्नासचे आठशे पन्नास वाचून त्यांना घाम फुटला."

बाईंचा चेहरा उजळला. त्या मिस्त्रींच्या खुर्चीत बसल्या, मागे रेलल्या आणि डोळे मिटले. "लिहा. तीनशे पन्नास."

मिस्त्रींनी जीभ बाहेर काढून लिहिलं.

"आठ नव्हे, तीन. पुन्हा. तीनशे अठ्ठेचाळीस." पान अर्धं भरलं. "आता चारशे चाळीस. वीस वेळा."

"हा कशाला? बाकी सगळे जमले की."

"बाकीचे वाकडे आले तरी चालतील," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "हा स्वच्छ आला पाहिजे."