शेवटची पिशवी

पुण्याच्या कंपनीनं ओरॅकलवर काम करणारी सगळी टीमच काढून टाकली, तेव्हा अंकिता आपल्या गावी, कुंडलला, घरी परत आली. इतकी वर्षं तिनं डेटाबेस सांभाळले, पण फक्त ओरॅकलचे. आता नोकरीच्या जाहिरातींत कुणी मोंगो हा डेटाबेस मागे, कुणी पोस्टग्रेस. एकाचा कोर्स अर्ध्यावर टाकून ती दुसरा धरायची, की पुन्हा पहिला. फौजेतून रिटायर झालेल्या तिच्या वडिलांनी, आबांनी, एकदा विचारलं, यातलं कायमचं कुठलं? तिला सांगता आलं नाही. त्यानंतर तिचं जेवणावरचं मनच उडालं.

तिचा कॉलेजातला मित्र पारस सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत होता. तिथं मोंगो येणारं माणूस हवंय, असं त्यानं कळवलं. अंकितानं बाकी सगळं सोडून मोंगो धरलं आणि मुलाखतीला रक्तपेढीचं एक ॲप करून नेलं. तिथल्या साहेबांनी ते दोन लॅपटॉपवर उघडलं आणि दोन्हीकडून एकदमच रक्ताची शेवटची पिशवी मागितली. ॲपनं ती दोघांनाही दिली.

“एक पिशवी दोन पेशंटना?” साहेबांनी शांतपणे विचारलं.

ओरॅकलमध्ये हे अडवणं तिच्या हातचा मळ होतं. मोंगोतही अडवता येतं, एवढं ठाऊक होतं. कसं, ते काही केल्या आठवेना. ती उठून बाहेर आली.

पारस जिन्यातच उभा होता. “मला एकच सांग,” ती म्हणाली, “काय शिकू? तू म्हणशील ते शिकते.”

“न्हाई सांगता येत, अंकिता. आमच्यातली पण माणसं कमी करणार हायत. मी सोता तेच शोधतोय.”

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून रडली. शेजारच्या बाईनं काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

घरी येऊन तिनं आबांना सगळं सांगितलं. कायमचं यातलं काहीच नाही, हेही सांगितलं. मग तिनं पोस्टग्रेस उघडलं. ते चांगलं म्हणून नव्हे. ओरॅकलच्या त्यातल्या त्यात जवळचं म्हणून. दुसऱ्या दिवशी तेच ॲप त्यावर करून तिनं आबांच्या हातात मोबाईल दिला आणि दोघांनी एकदमच शेवटची पिशवी मागितली.

“माझी न्हाई आली,” आबा ओशाळून म्हणाले.

कितीतरी दिवसांनी ती हसली.

पुढं साताऱ्यात तिला काम मिळालं, एका कंपनीचा जुना डेटाबेस पोस्टग्रेसवर हलवायचं. काम वर्षभराचंच होतं. त्यानंतर काय, हे तिनं विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.