चौथीचा टाकळा

माझ्या सुनेने नातीला शाळेतून काढलं त्या संध्याकाळी घरात खीर झाली. गुळाची. साखर त्याआधीच घराबाहेर गेली होती.

मला शाळेतून काढलं तेव्हा खीर नव्हती. देवगडजवळ आमचं गाव. मी चौथीत होते. धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही म्हणून आईने एका सकाळी माझी पाटी कोनाड्यात ठेवली आणि भाऊ कडेवर दिला. तो भाऊ आता कुर्ल्याला असतो, त्याचं पोट सुटलंय, नातवंडं झालीत. तरी तो समोर आला की मला अजून वाटतं, याला खाली ठेवावं आणि पळत शाळेत जावं.

आमची जानकी तिसरी पास झाली होती. म्हणजे तिचीही चौथीच. चौथीचं आमच्या घराशी काय वाकडं आहे कोण जाणे.

अक्षता, म्हणजे माझी सून, वाईट मुलगी नाही. अंधेरीला एका कंपनीत चांगल्या जागेवर होती. जानकीला रोज शाळेत पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, मनात आहे. मग अक्षताने मोबाइलवर एक बाई बघितली. ती डोंगरात राहते आणि तिची मुलं झाडावर बसून गणितं सोडवतात. बघता बघता अक्षताने नोकरी सोडली आणि जानकीने शाळा.

त्या बाईकडे डोंगर होता. आम्ही बोरिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पूर्वी गॅलरीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसायचा. आता मध्ये टॉवर झालाय, त्यामुळे दोन इमारतींच्या फटीतून बोटभर निसर्ग येतो.

"आई, निसर्गच शिकवतो," अक्षता मला म्हणाली. "आपण फक्त बाजूला व्हायचं."

आमचं घर वन बीएचके आहे. बाजूला कुठे व्हायचं ते तिने सांगितलं नाही.

माझा मुलगा सुबोध मालाडला ऑफिसात जातो. तो म्हणाला, "बघू ना एक वर्ष." लग्न झाल्यापासून तो सगळ्याला बघू ना म्हणतो. आमच्या ह्यांना, रामनाथांना, विचारलं तर ते म्हणाले, "तिका शाळा नको तर नको. माका पण नको होती." त्यांना खरंच नको होती आणि त्यांना कोणी काढतही नव्हतं. देवाचा कारभार असाच असतो.

घर हळूहळू चांगलं होत गेलं. टीव्हीवर चादर पडली. प्लास्टिकचे डबे भंगारवाल्याने नेले. मासे बुधवारपुरते उरले, तेही सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. मैदा गेला, त्याच्याबरोबर चहातली बिस्किटं गेली. ह्यांनी मिलचा संप काढला होता, पण बिस्किटांशिवाय चहा त्यांना काढता येईना. ते खाली बाकावर बसून बिस्किटं खायचे आणि तोंड पुसून वर यायचे. अक्षता त्याला आजोबांचा निसर्गात घालवलेला वेळ म्हणायची.

सकाळी नाश्ता झाला की हॉलमध्ये चटई पडायची आणि जानकीचा अभ्यास सुरू व्हायचा. मी भाजी हॉलमध्येच निवडते, पूर्वीपासून. त्यामुळे काही गोष्टी कानावर पडायच्या. कानांना झाकण नसतं, त्याला मी काय करणार? वटवाघूळ अंधारात भिंतीवर का आपटत नाही ते कानावर पडलं. दिवसा कधी कधी चंद्र का दिसतो ते कानावर पडलं. अपूर्णांक तर भाकरी कापून शिकवले, तेही माझ्याच भाकरीवर. एकदा अक्षताने विचारलं, आठातले तीन तुकडे उरले तर किती उरलं? जानकी गप्प. मी म्हटलं, "तीन अष्टमांश." ते मी गवारीच्या शेंगांकडे बघून म्हटलं होतं. त्या दिवसापासून अक्षता जरा मोठ्याने शिकवायला लागली.

निवडायला वेळ लागतो अशाच भाज्या मी आणायला लागले. मेथी, गवार, चवळीची पानं. दुधी भोपळा बंद केला. ह्यांनी विचारलंसुद्धा, "काय गो, दुधी महाग झालो काय?"

याचा अर्थ मला ते सगळं पटलं होतं असा कोणी घेऊ नये. चटई ती चटई आणि शाळा ती शाळा. शाळेत घंटा असते, बाक असतो, शेजारी कोणीतरी असतं. हे मुलीच्या हातून काढून घेणाऱ्याला मी चांगलं म्हणू शकत नाही, मग तो गूळ घालून काढो की पाटी कोनाड्यात ठेवून. जूनमध्ये मी गुपचूप जानकीच्या शाळेत जाऊन मोठ्या बाईंच्या हातापाया पडले. त्या म्हणाल्या, "आजी, जुलै संपेपर्यंत नाव ठेवते. त्यानंतर वेटिंगवाले मला सोडणार नाहीत." घरी येऊन मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. मला लपवाछपवी जमत नाही. अक्षता चिडली नाही. न चिडणं हे तिच्या नव्या शिस्तीत बसत होतं. ती म्हणाली, "ठीक आहे आई. जानकीचं जानकी ठरवेल. ती हो म्हणाली तर जाईल."

झालं. आता सगळं जानकीच्या एका होवर आलं. मी तिचा युनिफॉर्म इस्त्री करून दाराच्या खुंटीला लावला. तिची मैत्रीण ओवी जिन्यात दिसली की तिला वर घेऊन यायला लागले आणि वर्गातल्या गमती विचारायला लागले. जानकी ऐकायची, ओवी गेली की थोडा वेळ दाराकडे बघायची. पण पोटात दुखणं पार थांबलं होतं, तेही खरं होतं. विचारलं की म्हणायची, "बघू ना, आजी." बापाच्या वळणावर गेली.

पाऊस स्थिरावला तशी अक्षताने गॅलरीतल्या कुंड्यांत टाकळा लावला. मला हसू आवरेना. टाकळा म्हणजे गावाला पावसात कुठेही बांधावर, वाटेवर आपोआप उगवणारी भाजी. तिला आमच्या घरी मानाची कुंडी, भाज्यांच्या सालींचं खत आणि सकाळ-संध्याकाळ विचारपूस. अक्षता म्हणाली की पिवळी फुलपाखरं टाकळ्यावर येतात, मग पानांवर अळ्या होतात, अळ्यांची पुन्हा फुलपाखरं होतात, आणि हे सगळं जानकी डोळ्यांनी बघणार. जानकी रोज भिंग घेऊन कुंड्यांपाशी बसायची. संध्याकाळी पानं मिटली की तीही उठायची. "अळ्या आल्या की पहिल्यांदा तुला दाखवीन, आजी," असं तिने मला कबूल केलं होतं. मीही येता-जाता बघायचे. अळ्या काही दिसत नव्हत्या. टाकळा मात्र असा तरारला होता की गॅलरीत गेलं की तोंडाला पाणी सुटायचं.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी सकाळी मी चटईवर बसले नाही. पुन्हा शाळेत गेले, आणखी थोडे दिवस नाव ठेवा म्हणून सांगायला. मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारी सकाळी मुलगी वर्गात बसली पाहिजे, नाहीतर मी तरी काय करू?" मी घरी आले तेव्हा चटई गुंडाळून ठेवलेली होती आणि जानकी अक्षताच्या कानात काहीतरी कुजबुजून हसत होती. मला वाटलं, माझ्यावरच हसतायत. मी विचारलं नाही.

रविवारी अक्षताच्या गटातली माणसं आमच्याकडे जेवायला यायची होती. घरीच शिकवणारी कुटुंबं, कोणी मुलुंडचं, कोणी घाटकोपरचं. अक्षता म्हणाली, "आई, साधंच करा. भाकरी आणि एखादी रानभाजी. आपल्या आसपासची असेल तर बेस्ट."

बाजारातला टाकळा बघितला तर पिवळा पडलेला, देठ सुतळीसारखे. आसपासची म्हणजे किती आसपासची, हा विचार करत मी घरी आले. बाकीचे खाली पाहुण्यांना आणायला गेले होते. मी गॅलरीत जाऊन एकेक पान उलटसुलट करून बघितलं. अळी एकही नव्हती. मग सगळे कोवळे शेंडे खुडले. कांदा, मिरची, वरून मूठभर ओलं खोबरं. मीठ अंदाजाने. मिठाशिवाय मला ती भाजी दुसऱ्या कशानेच बिघडवता येत नाही.

ती संपली. घाटकोपरच्या नमिताने तीनदा मागून घेतली. ती कांदासुद्धा सणावाराला खात नाही, पण त्या दिवशी सण नव्हता. ती म्हणाली, "काकी, ही खरी जमिनीशी नाळ जोडलेली चव आहे." मला बरं वाटलं. माझ्या भाजीला इतकं लांबलचक कोणी काही म्हटलं नव्हतं.

हात धुऊन झाल्यावर जानकी भिंग घेऊन उभी राहिली. "आता सगळ्यांनी गॅलरीत या," ती म्हणाली. "माझ्याकडे सरप्राइज आहे. कालपासून आईलाच माहितीये फक्त."

सगळे गॅलरीत गेले. कुंड्यांत काड्या उभ्या होत्या.

जानकी कुंड्यांकडे बघत राहिली. मग तिने वळून पातेल्याकडे बघितलं. हिशेब जमायला तिला वेळ लागला नाही, शिकवणी चांगली होती.

"आजी, टाकळा आपला होता?"

"हो गं. अळ्या नव्हत्या. मी एकेक पान बघून घेतलं."

"अळ्या नंतर होतात. आधी अंडी घालतात. कोवळ्या पानांवर, खसखशीएवढी, पांढरी." तिचा आवाज बारीक झाला. "आईने काल शिकवलं."

काल मी गैरहजर होते.

नमिताने ओठांवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. अक्षताने मोठा श्वास घेतला आणि पाहुण्यांच्या मुलांना म्हणाली, "बघा, हीसुद्धा अन्नसाखळीच आहे." हे आतून म्हणाले, "भाजी मात्र बरी झाली होती हां." एवढ्या वर्षांत या माणसाला योग्य वेळ सापडलेली नाही.

पाहुणे लवकर गेले. जानकी आत जाऊन चादर घातलेल्या टीव्हीसमोर बसली होती, जणू काही लागलंय. मी शेजारी बसले. साठ वर्षं टाकळा निवडते आहे, आणि पानावर कोणी काही ठेवलंय का हे कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते मी तिला सांगितलं.

"तुला माहीत नव्हतं ना," ती म्हणाली. ती रडली असती तर बरं झालं असतं. मग टीव्हीकडेच बघत, "ओवीच्या वर्गात काचेचं कपाट आहे. मुलांनी आणलेल्या वस्तू त्यात ठेवतात. बाई त्याला कुलूप लावतात."

"लावतात का?"

"हो. मी उद्या जाते शाळेत."

मी हे ऐकायला जून महिन्यापासून जीव टाकत होते. आता ऐकल्यावर मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

सोमवारी तिने खुंटीचा युनिफॉर्म स्वतःच काढून घातला. अक्षताने तिची वेणी घातली, दप्तर भरलं, आणि दार लागल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली. नंतर बाहेर आली ती लॅपटॉप घेऊन नोकऱ्या बघायला बसली.

नाश्ता झाल्यावर मी नेहमीप्रमाणे गवार घेऊन हॉलमध्ये आले. चटई कोपऱ्यात उभी होती. मी ती अंथरली, बसले, शेंगा मोडायला घेतल्या. नुसता पंख्याचा आवाज येत होता. शेंगा संपल्या तरी मी बसून होते. माझी शाळा दुसऱ्यांदा सुटली होती, आणि या वेळी ती सोडवायला मीच दोनदा जाऊन आले होते. तेव्हा मला रडू आलं. गवारीला कोणी रडत नाही, म्हणून अक्षताने वर बघितलं. तिने लॅपटॉप मिटला.

दुपारी जानकी आली. "दुखलं का पोट?" मी विचारलं. "थोडंसं. मग ओवीने डबा उघडला," ती म्हणाली, आणि जेवून ओवीकडे पळाली.

टाकळा मरत नाही. आठवड्याभरात काड्यांना पालवी फुटली, आणि एका सकाळी एक पिवळं फुलपाखरू येऊन गेलं. मी जानकीला सांगितलं. ती पाढे पाठ करत होती. "आजी, मला उद्या टेस्ट आहे. तू बघ ना, मला सांग." तिने भिंग माझ्या हातात दिलं. मी गॅलरीत स्टूल टाकून बसले. अक्षता येऊन मागे उभी राहिली आणि कुठलं पान ते तिने बोट न लावता दाखवलं. खसखशीएवढं, पांढरं, उभं. मी बराच वेळ बघितलं.

रात्री जेवताना ह्यांनी ताटाकडे बघून विचारलं, "गॅलरीत टाकळो इतको वाढलो हा, भाजी कधी करतस?"

"त्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "माझा अभ्यास चाललाय."