हा टेम्पो हलणार नाही

वेलदूरची गुणवंती जांभारकर आठवड्यातून पाच दिवस मासळी घेऊन अलोरे-पोफळीला जायची. टेम्पो नवरा शिवा चालवायचा, ती शेजारी बसायची, आणि मागे बर्फात बांगडे, सौंदाळे, कोळंबी, नशीब असेल तर सुरमई. त्याआधी चौदा वर्षं तिने हाच धंदा एसटीने केला होता, टोपलीच्या वासावरून कंडक्टरांची बोलणी खात. म्हणून नवाकोरा टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा तिला वाटलं, आता कुणाच्या तोंडाला लागायला नको.

चौथ्या महिन्यात शिवाची सीट तापायला लागली. ह्या टेम्पोचं इंजीन सीटखालीच असतं, थोडी ऊब लागणारच, असं शिवा म्हणाला. पण मार्गताम्हाण्याचा चढ लागला की त्याला बूड उचलून बसावं लागे. मग एक दिवस वास आला. करपलेल्या रबराचा.

दोघं चिपळूणच्या शोरूमला गेली. तिथला मॅनेजर रितेश इस्त्रीच्या शर्टात बाहेर आला आणि टेम्पोजवळ येताच त्याने नाकाला रुमाल लावला.

"मावशी, मासळीची गाडी म्हटल्यावर वास येणारच की."

काउंटरमागची दोन पोरं हसली.

"मासळीचा वास मला शिकवू नका," गुणवंती म्हणाली. "हा जळण्याचा वास हाय. सीटखालून येतो."

"बघतो आम्ही."

तासाभराने गाडी धुऊन परत मिळाली. कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं, त्यावर शिवाने सही केली. पुढच्या महिन्यात वास परत आला. परत शोरूम, परत धुणं, परत सही. तिसऱ्या वेळी रितेशने बसायलाही सांगितलं नाही. "तुम्ही लोक खाऱ्या पाण्याने गाडी धुता, मग कंपनीला दोष देता," म्हणाला आणि सहीचा कागद पुढे सरकवला. तुम्ही लोक. ते दोन शब्द गुणवंतीने घरापर्यंत चघळत आणले.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, सव्वानऊच्या सुमाराला, अलोरे मागे टाकून ते शिरगावच्या दिशेने निघाले होते. शिवा अचानक ओरडला. त्याच्या पायांमधून धूर येत होता. त्याने गाडी कडेला घेतली, ब्रेक दाबला, आणि तेवढ्यात सीटच्या फटीतून जाळ वर आला. त्याची पँट पेटली. त्याच्या बाजूचं दार उघडेना. गुणवंतीने आपलं दार लाथेने उघडलं, त्याला दंडाला धरून ओढलं, रस्त्यावर लोळवलं, मग मागची पेटी उचलून त्यातलं बर्फाचं पाणी मासळीसकट त्याच्या पायावर ओतलं. थोडं मागे केरूचं गॅरेज होतं. तो वाळूच्या बादल्या घेऊन मोटरसायकलवरून आला. आग विझली तोवर टेम्पोच्या पुढच्या भागाचा नुसता सांगाडा उरला होता. रस्त्यावर बांगडे पसरले होते आणि शिवा "आई गं, आई गं" एवढंच म्हणत होता.

डावा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भाजला होता. सतरा दिवस तो चिपळूणच्या दवाखान्यात होता.

आठव्या दिवशी रितेश आला. बरोबर कंपनीचा एक इंजिनिअर आणि सफरचंदांची पिशवी. इंजिनिअरने एक कागद काढला. मराठीत होता, म्हणून गुणवंतीने स्वतः वाचला. ती सातवीपर्यंत शिकलेली. कागदावर लिहिलं होतं की मालकाने बाहेरून जादा दिवा बसवण्यासाठी वायर जोडली, तिच्यामुळे आग लागली, कंपनीचा त्यात दोष नाही. तरीही कंपनी सद्भावनेने दुसरी गाडी देत आहे.

"आम्ही जादा दिवा कधी बसवला?" तिने विचारलं.

"मावशी, ती फक्त भाषा असते," रितेश म्हणाला. "सही केलीत की पंधरा दिवसांत गाडी दारात."

ते गेल्यावर शिवा म्हणाला, "करूया गो सही. धंदा बसलाय. सीझन निघून जाईल."

"म्हणजे आग तुम्ही लावलीत?"

"मी तसं म्हटलं काय?"

"कागद म्हणतोय. आणि नवी गाडी आली की तिच्या सीटवर कोण बसणार? पुन्हा तुम्हीच ना?"

शिवाने भिंतीकडे तोंड केलं. पिशवीतली सफरचंदं तिने शेजारच्या खाटांवर वाटून टाकली. एकही घरी नेलं नाही.

जळालेला टेम्पो केरूच्या गॅरेजसमोर उभा होता. गुणवंती आता पुन्हा टोपली घेऊन एसटीने यायची. एक दिवस केरूने तिला हाक मारून शिरगावच्या एका टेम्पोची सीट उचलून दाखवली. तसाच टेम्पो, त्याच कंपनीचा.

"ही बघ काकी. वायरींचा जुडगा सायलेन्सरच्या पाइपापासून बोटभर लांब. चढावर पाइप तापून लाल होतो. वरचं कव्हर बघ, भाकरीसारखं करपलंय."

"हे कुणी असं बांधलं?"

"कंपनीने. फॅक्टरीतनं असंच येतंय. ह्या गाडीला अजून कुणी पाना लावलेला नाही."

गुणवंतीने वायरीला हात लावला. कव्हरचा तुकडा तिच्या बोटांत चुरा होऊन आला.

पोफळीच्या वसाहतीत तिची एक गिऱ्हाईक होती, नम्रता कदम. वीजगृहात सुरक्षेचं काम बघणारी इंजिनिअर. सगळं ऐकून तिने गुणवंतीला शोरूमचे तिन्ही कागद आणायला सांगितले आणि पायरीवर बसून वाचले.

"मावशी, ह्यांच्यावर काय लिहिलंय माहीत आहे?"

"तपासलं असं असंल."

"तिन्हींवर एकच वाक्य आहे. नेहमीची सर्व्हिस, ग्राहकाची तक्रार नाही, ग्राहक समाधानी."

गुणवंतीला पहिल्यांदा कळलंच नाही. नम्रताने पुन्हा सांगितलं, तेव्हा तिने टोपली खाली ठेवली. "मी तिथं उभी राहून ओरडत होत्ये बाय. तीन वेळा. माझ्या तोंडावर लिहिलं यांनी की तक्रार नाही?"

"आमच्याकडे एखादी केबल नुसती गरम लागली तरी नोंद करावी लागते," नम्रता म्हणाली. "कुणी भाजायची वाट बघत नाही." तिने फोन काढला. गाडीच्या बनावटीतच दोष असेल, तर मालकाला थेट केंद्र सरकारच्या साइटवर तक्रार करता येते, हे गुणवंतीला त्या दिवशी कळलं. गाडीचा नंबर, चासी नंबर, काय झालं, कधी झालं, फोटो. नम्रताने सगळं भरलं. शेवटी ती म्हणाली, "एकट्या तक्रारीला वजन कमी. त्याच मॉडेलच्या जितक्या जास्त गाड्यांची येईल, तितकं त्यांना बघावं लागेल."

मग गुणवंती बंदरं फिरली. फेरीबोटीने दाभोळ, तिथून हर्णै, दुसऱ्या आठवड्यात पालशेत, जयगड. मासळीचा टेम्पो दिसला की जाऊन म्हणायची, "दादा, जरा सीट उचल." कुणी हसायचे. कुणी म्हणायचे, आमच्या गाडीला काय धाड भरलीय? मग सीट उचलली जायची आणि हसू थांबायचं. तेवीस गाड्या तिने बघितल्या. सोळांची वायर करपलेली होती. हर्णैच्या एका बाईने तर सांगितलं, "आम्ही सीटवर ओलं गोणपाट टाकून बसतो."

तक्रार मात्र अकरा जणांनीच केली. बाकीच्यांना शोरूममधून फोन गेले होते, तक्रार केलीत तर वॉरंटी विसरा म्हणून. दाभोळच्या धाकूने तर तोंड चुकवलं. "माझं नाव नको काकी, माझी एकच गाडी हाय."

"माझ्या घोवाचे पण दोनच पाय हायत," गुणवंती म्हणाली आणि फेरीबोटीकडे चालू लागली.

एप्रिलमध्ये ती अलोऱ्याच्या बाजारात बसली असताना केरूचा फोन आला. "काकी, क्रेन आलीय. शोरूमची. तुझा टेम्पो न्यायला."

टोपली शेजारच्या भाजीवालीच्या हवाली करून ती पळत सुटली. पोचली तेव्हा क्रेनची साखळी टेम्पोच्या पुढच्या चाकांना अडकवून झाली होती आणि केरू दोन माणसांशी भांडत होता. रितेशही आलेला होता.

"मावशी, तपासणीसाठीच नेतोय. कंपनीचा हुकूम आहे."

गुणवंतीने पदर खोचला, जळालेल्या दारातून आत चढली आणि शिवाच्या जागेवर, सीटच्या उघड्या स्प्रिंगांवर बसली. काजळीने साडी काळी झाली.

"हा टेम्पो हलणार नाही," ती म्हणाली.

"अहो, असं करू नका. तपासल्याशिवाय दोष कसा कळेल?"

"तुम्ही तीनदा तपासलात! तिन्ही वेळा मी समाधानी होत्ये म्हणे. आता सरकारचा माणूस येऊ दे, तो तपासंल. गाडी आमच्या नावावर हाय. उचलायची तर मला आत बसवून उचला, आणि चिपळुणापर्यंत लोकांना दाखवत न्या."

बाजारातल्या बायका जमल्या. वसाहतीतून येणारी मंडळी थांबली, दोघातिघांनी फोन वर धरले. रितेश कुणाला तरी फोन लावत बाजूला गेला. परत आला तेव्हा त्याने क्रेनवाल्याला नुसती मान हलवून खूण केली. साखळी सुटली. क्रेन वळणाआड जाईपर्यंत गुणवंती उतरली नाही. उतरली तेव्हा केरूने पुढे केलेला पाण्याचा तांब्या तिने एका दमात संपवला.

सरकारी तपासणीची माणसं मे महिन्याच्या शेवटी आली. दोघं जण. त्यांनी सांगाड्याचे फोटो काढले, पाइप आणि वायरीमधलं अंतर मोजलं, करपलेला तुकडा पिशवीत सील केला. हर्णै आणि जयगडच्या गाड्याही बोलावल्या होत्या, त्याही उघडून बघितल्या. मग त्यातला वयस्कर माणूस वही घेऊन गुणवंतीसमोर बसला. "ताई, पहिल्यांदा वास कधी आला? कुठल्या जागी? नेमका कसा होता?"

ती सांगायला लागली आणि मध्येच थांबली. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. डोळे पुसून तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो लिहीत राहिला. एकदाही घड्याळाकडे त्याने बघितलं नाही.

नोव्हेंबरमध्ये कंपनीची नोटीस निघाली. त्या मॉडेलच्या गाड्या परत बोलावून वायरिंग मोफत बदलून मिळणार होतं. नम्रताने ती मोठ्याने वाचून दाखवली. "ग्राहकांच्या सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य देत, खबरदारी म्हणून, कंपनी स्वेच्छेने..."

"स्वेच्छेने?" गुणवंती म्हणाली.

"तसंच लिहितात मावशी."

"ह्यांच्या स्वेच्छेने माझ्या घोवाचा पाय भाजला तो?"

शिवा तेव्हा शेजारीच बसला होता. त्याच्या पायावरची कातडी ताणल्यासारखी गुलाबी झाली होती, आणि क्लच फार वेळ दाबून धरला की दुखायची. कंपनीने त्यांना वायर बदललेली दुसरी गाडी दिली होती, कसल्याही सहीशिवाय. बरोबर आलेल्या पत्रात आगीचं नाव नव्हतं, माफीचं तर नव्हतंच. दवाखान्यातला तो कागद शिवाने एकदाच आठवला. म्हणाला, "बरं झालं गो, तू ऐकलं नाहीस." तेवढंच. गुणवंतीला तेवढं पुरलं.

रागाचं मात्र तसं नव्हतं. नोटिशीत खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ह्या मेपर्यंत बनलेल्या गाड्यांनाच ती लागू आहे. पंधरा दिवसांनी पालशेतचा बाबू वेलदूरला आला. त्याच्या गाडीवर जूनची तारीख होती. शोरूमने त्याला परत पाठवलं होतं.

गुणवंतीने त्याला सीट उचलायला लावली. तीच वायर, तोच पाइप, तेच बोटभर अंतर. कव्हर आताच पिवळं पडायला लागलं होतं.

"जून लागला तशी ह्यांची आग विझली वाटतं!" ती म्हणाली. तिने ओले हात साडीला पुसले आणि फोन उचलला. "नम्रता बाय, वेळ हाय काय? परत एक तक्रार भरायचीय. बाबू, चासी नंबर वाच. सावकाश वाच, एक अक्षर चुकलं तर तेच निमित्त धरतील मेले."

बाबू वाकून वाचायला लागला.