सातवं स्टेशन

हे लिहायचंच नाही, असं गुण्याने जवळजवळ ठरवलं होतं. मोबाइलवर दोनदा टाइप केलं आणि दोनदा पुसलं. पण नुसतं पुसून गेलं असतं तर आणखी काय हवं होतं.

गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. हे नाव त्याला बारक्याने ठेवलं, शाळेत दोघं एका बाकावर बसायचे तेव्हा. कारण हा वहीत साधी रेघसुद्धा पट्टीशिवाय मारायचा नाही. बारक्या स्वतः अंगाने दीड माणूस. आता तो या भल्यामोठ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो आणि राहतो चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. फर्निचरच्या एका कारखान्यातली लिफ्ट दुरुस्त करता करता त्याने तिथल्या फोरमनच्या कानावर आपल्या सुतार मित्राचं नाव घातलं. फोरमन म्हणाला, गुरुवारी बाराला पाठव, हात बघू त्याचा. म्हणून गुण्या सोमवारीच येऊन बारक्याच्या खोलीत पसरला होता.

भुयारी गाडीची त्याला पहिल्या दिवशी धडकीच भरली. सरकते जिने, चार रंगांच्या चार लाइनी, आणि सगळे लोक असे पळणारे की जणू मागे कुत्रं लागलंय.

"पाट्या वाचत बसू नकोस," बारक्या म्हणाला. "गर्दीत दिसत नाहीत. आणि तो स्पीकर काय बोलतो ते त्याच्या आईलाही कळणार नाही. आपण कुठे आहोत आणि किती स्टेशनं जायचंय, एवढं लक्षात ठेव. दार उघडलं की एक मोज. बास."

"एवढंच?"

"एवढंच. फक्त गाडीच्या तोंडावर लाल पट्टी असेल तर चढू नकोस. ती जलद. मधली दोन स्टेशनं गिळते. तुझी मोजणी बोंबलेल."

गुण्याला हे फार पटलं. मोजणं हा तर त्याचा धंदाच. तीन दिवस तो मोजत हिंडला. पाच स्टेशनं बाजार, दुसऱ्या लाइनीने नऊ स्टेशनं नदी, सात स्टेशनं मोठं हॉस्पिटल, जिथे तो काही कारण नसताना नुसता उतरून आला. एकदाही चुकला नाही. बुधवारी संध्याकाळी तर जिन्यावर उलट्या बाजूला उभ्या राहिलेल्या एका माणसाला त्याने "उजवीकडे उभं राहायचं असतं हो" असं ऐकवलंसुद्धा. शहाणपणाला शिंगं फुटायला तीन दिवस पुरतात.

गुरुवारी तो साडेदहालाच स्टेशनवर हजर. प्लॅटफॉर्म मधोमध, दोन्ही बाजूंना रूळ. तिथे एक आजी त्याच्यासमोर येऊन थांबल्या. पासष्टीच्या असतील. अंगावर हिरवी शाल, हातात कापडी पिशवी, तिच्यातून विणकामाच्या दोन सुया बाहेर डोकावत होत्या.

"बाळा, मोठ्या हॉस्पिटलला कोणती गाडी? मला वाचता येत नाही, तोंडी सांग."

त्याने म्हणायला हवं होतं, आजी, मी पण पाहुणाच आहे, त्या टोकाच्या काचेच्या खोलीत स्टेशनचा माणूस बसतो, त्याला विचारू. पण कुणीतरी त्याला इथला समजलं होतं. ते काही त्याला सोडवेना.

"सोपं आहे, आजी. या बाजूची गाडी. दार उघडलं की एक मोजायचं. सातव्याला उतरायचं. वर आलात की समोरच हॉस्पिटल."

"सात ना? मग काय. चाळीस वर्षं स्वेटर विणतेय मी. शंभर टाके मोजताना कधी एक सुटला नाही." त्या हसल्या, आणि लगेच चेहरा उतरला. "धाकटी बहीण आहे तिथे. साडेअकराला ऑपरेशनला नेणार. छातीचं आहे, काही सांगता येत नाही म्हणालेत. सहा वर्षं बोललो नाही आम्ही, आईच्या शिवणयंत्रावरून. यंत्र गंजून गेलं, आमचा हट्ट काही गंजला नाही. तिला आत न्यायच्या आधी एकदा तोंड दाखवायचंय. भाची म्हणत होती, थांब, कुणालातरी पाठवते. म्हटलं, मी काय कुकुलं बाळ आहे का?"

"अहो, वीस मिनिटांत पोचाल," गुण्या म्हणाला.

तेवढ्यात गाडी आली. त्याने स्वतः त्यांच्या कोपराला हात देऊन आत चढवलं. दार लागलं. आजींनी काचेतून सात बोटं दाखवली. यानेही दाखवली. गाडी सुटली, एकेक डबा पुढे सरकत गेला, आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवर लाल पट्टी होती.

म्हणजे ती जलद होती. सात मोजून त्या नवव्याला उतरणार होत्या. तिथे हॉस्पिटल नव्हतं, काहीच ओळखीचं नव्हतं, आणि पाट्या त्यांच्या कामाच्या नव्हत्या.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला काचेची खोली होती. आत स्टेशनचा माणूस, पुढ्यात फोन. बाहेर तीन माणसं रांगेत. पुढच्या स्टेशनला कळवा, हिरव्या शालीच्या आजी आहेत, दोन सुया पिशवीत, एवढंच सांगायचं होतं. गुण्या चार पावलं चाललाही. मग दुसऱ्या बाजूला त्याची गाडी आली. त्याने रांगेकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मनात म्हणाला, कुणीतरी सांगेल त्यांना, शहर आहे, माणसं आहेत. आणि चढला.

खरी गोष्ट पुढे आहे. तो कारखान्याच्या दारात पोचला तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. बाराला बोलावलं होतं. पस्तीस मिनिटं तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. समोर घड्याळ होतं. साडेअकरा झालेले त्याने डोळ्यांनी पाहिले.

फोरमनने दोन फळ्या पुढे टाकल्या. खिळा नको, डिंक नको, एकमेकींत अडकव. गुण्याचे हात सवयीने चालले. सांधा असा बसला की मधून केस जाईना. फोरमनने नख फिरवून पाहिलं. "मोजमाप पक्कं आहे रे तुझं. सोमवारपासून ये."

एखाद्याने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

तीनच्या सुमाराला तो हॉस्पिटलात गेला. का गेला ते त्यालाच कळत नव्हतं. आजी पोचल्या असल्या तर आपण सुटलो, असा काहीतरी हिशेब असावा. विचारत विचारत तिसऱ्या मजल्यावर गेला. लांबलचक व्हरांड्यात भिंतीला टेकून खुर्च्या, आणि शेवटच्या खुर्चीवर हिरवी शाल. मांडीवर अर्धं विणलेलं काहीतरी, सुया नुसत्याच हातात. शेजारी भाची उभी.

"अगं, हाच तो पोरगा," आजी भाचीला म्हणाल्या. "यानेच सांगितलं होतं. अगदी बरोबर सांगितलं होतं हो. मीच चुकले मोजायला."

"कितीला पोचलात?" गुण्याने विचारलं.

"एकला दहा कमी," भाची म्हणाली. "कुठे उतरली होती तेही सांगता येत नव्हतं हिला. इकडे आईला नेलं अकरा चाळीसला. दहा मिनिटं थांबवून धरलं मी त्यांना. आई सारखी दाराकडे बघत होती. मावशी, दहा वेळा सांगितलं होतं, एकटी निघू नकोस. आता वय झालंय, कबूल कर ना."

"झालंय बाई," आजी म्हणाल्या. "सातसुद्धा धड मोजता येईनात. आल्यापासून हे विणायला घेतेय, पण भरवसाच वाटत नाही. चार टाके घालते आणि उसवते."

"आणि... त्या कशा आहेत?"

"ऑपरेशन झालं. शुद्ध नाही अजून. उद्या सकाळपर्यंत बघू म्हणाले."

गुण्याच्या जिभेवर सगळं आलं होतं. लाल पट्टी, काचेची खोली, बाक. भाची त्याच्याकडे बघत होती.

"होतं असं कधीकधी, आजी," तो म्हणाला.

आजींनी त्याच्या हातावर थोपटलं. "एवढ्या लांब चौकशीला आलास. गुणी आहेस रे." तो जिना दोन दोन पायऱ्या सोडत उतरला, चोर पळावा तसा.

बारक्या सहाला कामावरून आला, तेव्हा गुण्या खाटेच्या कडेला बसला होता. बूटही काढले नव्हते.

"काय रे, नाही घेतलं?"

"घेतलं. सोमवारपासून."

"मग कुणाला पोचवून आल्यासारखा का बसलायस? चल, चहा टाक."

गुण्याने सगळं सांगितलं. मध्ये मध्ये थांबत, पण काही न गाळता. बारक्या हातातली अवजारांची पेटी खाली ठेवायचं विसरला. मग ठेवली.

"लाल पट्टीचं मी सांगितलं होतं तुला."

"हो."

"म्हणजे म्हातारी चुकली नाही. सातच मोजले तिने."

"सातच."

"आणि तू तिला म्हणालास, होतं असं कधीकधी."

गुण्या बुटाची नाडी सोडू लागला.

बारक्या स्टुलावर बसला. "लिफ्ट अडकली ना, की आतल्या माणसाला नेहमी वाटतं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. बाहेरून आम्ही पहिलं तेच ओरडून सांगतो, तुमचं काही चुकलं नाही, शांत बसा. दार नंतर उघडतो. कधी तासही लागतो. पण हे आधी." त्याने कपाळ पुसलं. "सहा वर्षांचं ते तुला भरून देता येणार नाही. ती बहीण उद्या डोळे उघडेल की नाही, तेही तुझ्या हातात नाही. पण त्या बाईची मोजणी तू नेलीस. ती परत देता येते."

"मला हाकलतील रे. भाची तर उभं करणार नाही."

"नाही करणार. मग?"

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. गुण्याने एक बूट काढला आणि हातात धरून बसला.

"उद्या सकाळी जातो."

"आणि काय म्हणशील? गाडी चुकीची दाखवली, माफ करा? असं म्हणून स्वस्तात सुटशील तू. ओळखतो मी तुला."

"नाही. गाडी सुटल्या सुटल्या मला कळलं होतं, तेही सांगेन. फोन समोर होता तेही. पस्तीस मिनिटं बाकावर बसलो होतो, तेही."

"कुणासमोर?"

"भाचीसमोर," गुण्या म्हणाला. "आजींना एकटं गाठून नाही. भाचीसमोरच सांगेन, बारक्या. वचन देतो तुला."