धाप लागलेला पंप

३ डिसेंबर. सकाळपासून ढगाळ, वारा अगदी पडलेला. मी बोलतोय, घरातल्या शोभेच्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीत काचेला चिकटलेला, मुठीएवढा लाटांचा पंप.

जन्म माझा कारखान्यातला, पण चालायला शिकवलं ते बाईंनी. ही टाकी त्यांची; पोटापाण्याला त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. समुद्राचं पाणी येतं, थबकतं, मागे फिरतं. तसंच त्यांनी मला चालवलं: जोरात, मग हळू, मग गप्प. तोंडही समोरच्या काचेकडे ठेवलं, म्हणजे धार आपटून, फुटून मगच टाकीतल्या जिवंत प्रवाळापर्यंत जाते. ते जांभळं प्रवाळ आणलं तेव्हा नखाएवढं होतं. माझ्या लाटांवर ओंजळभर झालं.

मध्यंतरी बाई बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना नवऱ्याला बजावलं, "प्रवाळाला खायला घाला, आटलं तेवढं पाणी ओता. बाकी कशाला हात लावू नका."

नवरा म्हणजे मिस्त्री. जन्म पंखे आणि मिक्सर दुरुस्त करण्यात गेला. अडखळणारी मोटार म्हणजे आजारी मोटार, हे त्यांच्या कानात पक्कं बसलेलं. त्यांनी काचेला कान लावला.

"अरे, तुला तर धाप लागलीय! आणि हिला पत्ता नाही?"

हात शिवशिवलेच. मला खोलून पुसलं, एकसारख्या वेगावर लावलं आणि घामाघूम पाहुण्याकडे टेबलफॅन वळवावा तसं माझं तोंड थेट प्रवाळाकडे केलं. "हं, आता कसा शहाण्यासारखा चालतोयस!"

शाबासकी मला कधी मिळालीच नव्हती. मी फुगलो, एका दमात फुंकत राहिलो. समोर प्रवाळाची कातडी सुटू लागली. तिचे तुकडे माझ्याच धारेत वाहत गेले, ते मी पाहिले. थांबणं माझ्या हाती नव्हतं, हे खरं. शाबासकी गोड लागत होती, हेही खरं.

मिस्त्रींना पांढरा डाग दिसला. "कमी पडतंय वाटतं," म्हणत त्यांनी वेग आणखी वाढवला.

बाई परतल्या. खांद्यावरची बॅगही उतरवली नाही.

"पंप कोणी फिरवला?"

"बिघडला होता गं तो. धापा टाकत होता."

"अहो, ती लाट होती."

मिस्त्री स्टुलावर बसले. म्हणाले, "डाग दिसल्यावर मी वेग वाढवला. तुला फोन करायला हवा होता. बोलणी खायची भीती वाटली."

"आता काय खाताय मग, पेढे?" बाईंचे डोळे भरले होते. त्यांनी कटर पुढे केला. "धरा. प्रवाळाच्या जिवंत फांद्या तोडायच्यात, तेवढ्या तरी पुन्हा वाढतील. तुम्ही तोडा, मी चिकटवते."

मिस्त्रींनी तोडल्या. बाईंनी त्या दगडावर चिकटवल्या.

माझं तोंड पुन्हा काचेकडे आहे. मिस्त्री रोज कान लावतात आणि मी अडखळलो की मान डोलावतात. तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल, तर त्याची धाप मोडू नका. मीही आता शाबासकी मागत नाही.

फांद्या तीन होत्या. दोन पांढऱ्या पडल्या. तिसरी आज सकाळी जांभळी उमलली.