मथुरावहिनींचा पार

मथुरावहिनींची साखर बेताची होती, रक्तदाब ताब्यात होता आणि गुडघे ठणठणीत होते. दुखणं म्हणाल तर एकच, आणि ते गडग्यापलीकडे राहत होतं. त्याचं नाव उल्का.

उल्का ही त्यांची धाकटी जाऊ. रत्नागिरीत समुद्राकडून वर चढणाऱ्या एका गल्लीत दोघींची घरं शेजारी शेजारी होती. उल्काचं पश्चिमेला, दर्याच्या बाजूला, आणि वहिनींचं पूर्वेला. मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. गडग्याच्या अलीकडे-पलीकडे हापूसचं एकेक कलम, चाळीस वर्षांचं, सासऱ्यांनी एकाच दिवशी लावलेलं. माती एक, पाऊस एक, खारा वारा एक. तरी उल्काचं कलम दरसाल धरायचं आणि वहिनींचं एका वर्षी धरलं की पुढच्या वर्षी रुसून बसायचं.

तेही वहिनींनी सोसलं असतं. सोसवत नव्हती ती उल्काच्या कलमाखालची बैठक. दोन चिऱ्यांवर टाकलेली एक जुनी फळी, बस्स! पण पाच वाजले की गल्लीतल्या बायका तिथे हजर. कुणी वालाचं बिरडं सोलत, कुणी नुसत्याच तोंडाचा पट्टा चालवत. हसण्याचा आवाज गडग्यावरून सरळ वहिनींच्या स्वयंपाकघरात यायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची.

"काय सोनं जडवलंन आहे त्या फळीत, कळत नाही," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

आत्मारामभाऊ कचेरीतून निवृत्त झालेले. वर्तमानपत्राच्या आडूनच ते बोलले, "तूही जाऊन बस की."

जाऊन बसायचं? वहिनी थोरल्या. बायकांनी त्यांच्याकडे यायचं, त्यांनी नव्हे. मग अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात त्यांनी पालीहून गवंडी आणला आणि आपल्या कलमाभोवती गोल पार बांधून घेतला. घडीव चिरा, आत कमरेपर्यंत लाल मातीची भर, वर गुळगुळीत लादी. पाराची एक बाजू थेट गडग्याला टेकली होती. फळी कुठे आणि पार कुठे! वहिनींना चार दिवस सुखाची झोप लागली.

पाचव्या दिवशी भागोजी आला. गल्लीतली झाडं त्याच्या हातची. पावसाआधी तो कलमावर चढायचा, बांडगूळ उतरवायचा, सुकी फांदी काढायचा, मधली दाटी मोकळी करायचा आणि कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याचा निळा लेप लावायचा. पार बघून त्याची कोयती हातातच राहिली.

"वैनी, ह्या काय केलात? झाडाचा बुंधा गाडलात!"

"गाडला कसला? सजवलाय."

"बुंध्याला वारा लागाया पायजे वैनी. आपला पाऊस चार म्हयनं हटायचा नाय. ही माती भिजली की भिजलीच, आतल्या आत साल कुजंल. आनि झाड आधीच दर्यावरच्या वाऱ्यान तुमच्या पडवीकडं झुकल्याला. उद्या मुळाचा पाळ सुटला तर पडवी घिवूनच पडंल. मी सांगतो, पार फोडा."

भागोजीच्या मिशीला अजून चहाचा ओलावा होता आणि तो चहा गडग्यापलीकडचा होता. वहिनींनी ओळखायचं ते ओळखलं.

"हे तुला उल्कानं शिकवून पाठवलंन ना? खुपतोय होय गो बाई पार!" शेवटचं वाक्य त्यांनी गडग्याकडे तोंड करून म्हटलं. भागोजी कोयती कमरेला खोचून निघून गेला. त्या वर्षी वहिनींचं कलम तसंच राहिलं.

बायका आल्या, नाही असं नाही. आठवडाभर पारावर बसल्या, पाराचं कौतुक केलं. मग कुणाला लादी गार लागली, कुणाला मुंग्या चावल्या. पाऊस जरा उघडला आणि सगळ्या पुन्हा फळीवर.

त्याच भाद्रपदात वहिनींनी ते पाहिलं. भर दुपारी गल्ली झोपलेली असताना उल्का आपल्या बाजूने गडग्याशी उकिडवी बसली होती. हातात लहानशी पहार. बरोबर पाराच्या पाठीमागे ती गडग्याच्या तळाशी काहीतरी उकरत होती आणि मधूनच मान वर करून वहिनींच्या घराकडे बघत होती. पुढे आणखी दोनदा तेच.

"करणी करत्ये ती माझ्या झाडावर. लिंबू पुरलंन," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

"लिंबाचे भाव बघ आधी. उल्का पुरायची नाही," आत्मारामभाऊंनी पान उलटलं.

वहिनींनी झाडाची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, पण जाऊन बघायचं धाडस त्यांना झालं नाही. पुढचा माघ आला. उल्काच्या कलमाला मोहोर असा की पान दिसेना. वहिनींच्या कलमाला तुरा नाही, पालवी नाही. पानं पिवळी पडून गळत होती, शेंडे वाळले होते. वहिनी रोज आधी पलीकडे बघायच्या, मग आपल्याकडे. खाल्लंन, माझं झाड खाल्लंन हिनं!

ऑगस्टात दिव्यांच्या अवसेला संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. न धरणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळाने मारलं की ते धाक घेतं आणि पुढल्या वर्षी धरतं, हे वहिनी सासूकडून ऐकत आलेल्या. आभाळ असं भरलेलं की सूर्य आहे का नाही तेच कळेना, पण पंचांग सांगत होतं म्हणजे ग्रहण लागलंच. वहिनी मुसळ घेऊन पारावर चढल्या आणि मातीच्या जरा वर, बुंध्यावर, त्यांनी पहिला तडाखा दिला.

टणक लाकडाचा आवाज आलाच नाही. भिजलेल्या पोत्यावर मारल्यासारखं झालं. दुसऱ्या तडाख्याला तळहाताएवढी साल सुटून खाली आली. मागून काळं पाणी ओघळलं आणि आंबूस वास आला.

वहिनींच्या हातातलं मुसळ गळालं. सासऱ्यांनी हे झाड लावलं तेव्हा खड्ड्यात पाणी घालायला नव्या नवरीला, म्हणजे त्यांना, हाक मारली होती. उल्का तेव्हा या घरात आलेलीसुद्धा नव्हती. एवढी एक गोष्ट त्यांच्यापाशी होती आणि उल्कापाशी नव्हती. वहिनी पावसात पारावरच बसल्या आणि मोठ्याने रडल्या.

सकाळी आत्मारामभाऊ स्वतः भागोजीला घेऊन आले. तो कुदळ घेऊन पाराला भिडला. धडाधड चिरे निसटू लागले तशी गल्ली जमली. उल्का न बोलावता घमेलं घेऊन आली आणि माती वाहू लागली. दुपारपर्यंत बुंधा उघडा पडला. तीन बाजूंनी साल काळी, बोटाने निघत होती. पण गडग्याच्या बाजूला हातभर रुंदीचा पट्टा धड होता. भागोजीने नखाने खरवडलं, आतून हिरवं दिसलं.

"जित्ता हाय!" तो म्हणाला आणि खाली वाकला. गडग्याच्या तळाचे दोन चिरे काढलेले होते. भोकात खापऱ्या आणि खडी नीट बसवली होती, आणि पाराखालचं पाणी तिथून उल्काच्या आवारातल्या पाटात जात होतं. "ही पान्याला वाट कुनी काढलीन? हिच्यापायी वाचला झाड!"

उल्का घमेल्यातली माती सारखी करत राहिली. आणि वहिनींच्या तोंडून, त्यांना स्वतःला कळायच्या आत, निघून गेलं, "मीच काढायला सांगितली होती."

उल्काने एकदा वर पाहिलं. "हो," ती म्हणाली, "वहिनींनीच सांगितलं होतं मला."

तिने सगळ्यांदेखत खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं, असं वहिनींना पुढे कित्येक दिवस वाटलं. भांडता तरी आलं असतं! आजवर उल्काचं झाड सरस होतं, ते सहन व्हायचं नाही. आता उल्काच सरस निघाली, ते कसं सहन करायचं?

त्यात भागोजीने गल्लीभर वहिनींचं नाव केलं. "वहिनी, आमच्या फणसाची पानं गळतात," म्हणत बायका दारी येऊ लागल्या. मग वहिनींना भागोजीच्या मागे मागे फिरून विचारून घेणं आलं. त्याने कुजकी साल तासून लेप लावला, पडवीवरच्या जड फांद्या उतरवून ओझं हलकं केलं. दर पावसाआधी वहिनी स्वतः बसून बुंध्याशी आलेली माती हाताने ओढून काढायच्या. लोक म्हणायचे, वहिनींना झाडातलं कळतं. गडग्यापलीकडून उल्काही म्हणायची, आणि वहिनी खिडकी लावून घ्यायच्या.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात त्या कलमाला आंबे लागले. मोजकेच, पण लागले. पहिला देवापुढे ठेवून दुसरा वहिनींनी पदराखाली घेतला आणि भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, त्या उल्काकडे गेल्या. उल्का फळीवर तांदूळ निवडत होती.

"उल्का, खरं सांग. ती वाट तू का काढलीस गो?"

"का म्हणजे?" उल्का सुपातून मान वर न करता म्हणाली. "झाड पडलं असतं तर माझ्या कौलांवर पडलं असतं वहिनी. नवीन कौलं घातलेली आम्ही. माझ्या जिवाला घोर."

एवढंच? म्हणजे चांगुलपणा नव्हे, कौलं! चार वर्षं छातीवर बसलेला चिरा खाली उतरला. त्यांना खुदकन हसू आलं. त्या आयुष्यात पहिल्यांदा त्या फळीवर टेकल्या, पाय लांब केले, आणि उल्का विळी आणायला आत गेली तशी सहज आपल्या झाडाकडे पाहू लागल्या.

इकडून त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. इकडून झाडाची नुसती पाठ दिसत होती. बुंधा, फांद्या, सगळा भार तिकडे, वहिनींच्या पडवीकडे झुकलेला. चाळीस वर्षं दर्यावरच्या वाऱ्याने त्याला तिकडेच ढकललं होतं. उल्काच्या कौलांवर त्याची एक डहाळीसुद्धा येत नव्हती.

उल्का विळी घेऊन बाहेर आली. आंबा चिरून दोन्ही जाड फोडी तिने वहिनींपुढे सारल्या आणि बाठा स्वतःकडे घेतला.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही त्यांना राग आला.

"बाठा मला दे," त्या म्हणाल्या.

"असू दे हो वहिनी, फोडी घ्या तुम्ही."

"दे म्हणत्ये ना!" वहिनींनी तो तिच्या हातातून ओढूनच घेतला.